सतरा अ‍ॅडमिन आणि एक लग्न

माझ्या लेकीच्या लग्नाच्या वेबसाइटला सतरा अ‍ॅडमिन होते. लग्न एकच होतं.

नांदेडला माझा कॉम्प्युटर क्लास आहे. दारावर ‘वेबसाइट सुरक्षा तज्ज्ञ’ अशी पाटीही आहे (पेंटर ओळखीचा होता). तेव्हा प्रज्ञाचं लग्न लातूरला ठरल्यावर वेळ, हॉलचा पत्ता, जेवण, सगळं सांगणारी साइट मीच बनवली. बदल करायचा अधिकार फक्त अ‍ॅडमिनला, म्हणजे मला. बाकीच्यांनी लॉगिन करून नुसतं बघायचं. पुस्तकात असंच लिहिलंय!

पण पुस्तक लिहिणाऱ्याला मुदखेडचे काका नव्हते.

“माह्या नावापुढं ‘फक्त पाहू शकतात’ असं का लिवलं रे?”

“काका, ते सगळ्यांनाच...”

“तुह्या नावापुढं न्हाई ते! मी काय लग्नात नुसतं बघत उभा राहू? येतच न्हाई जा!”

चुलत्याचा मान! केलं अ‍ॅडमिन. मग अर्धापूरचे साडू रुसले. त्यांना केलं. जळकोटच्या आत्याला कसं वगळणार? टॉवेल-टोपी वाटावी तसे मी अधिकार वाटत सुटलो.

साडूंनी जेवणात केळीची शिकरण घातली. कुणीतरी नवरदेवाचा फोटो हटवून स्वतःच्या नातवाचा टाकला. तोवर मी हसत होतो. लग्नाला दोन दिवस उरले आणि विहीणबाईंचा फोन आला.

“अहो, लग्न अकराचं ना? साइटवर तर दुपारचे दीड दिसायलेत!”

बौद्धाचार्यांना बारा वाजता दुसरं लग्न होतं. अकरा चुकले की आमचं लावायला कुणीच नाही! मी काकांना फोन लावला.

“हाव, मीच केलं. मही गाडी एकला पोचती. आपल्यात मुहूर्त थोडाच बघतेत!”

मी लॉगिन करून अकरा लिहिले. काकांनी दीड केले. मी अकरा. काका दीड! साडूंनी भांडण मिटवायला सव्वाबारा केले. मी पुन्हा बटण दाबलं, तर पडद्यावर आलं, ‘तुम्हाला बदल करण्याची परवानगी नाही.’

“साइट हॅक झाली!” मी ओरडलो.

“हॅक न्हाई झाली,” बायको शांतपणे म्हणाली. “आत्याबाईनं तुमाला काढलंय. आत्ताच फोन आलता.”

आत्या सत्तरीची, काकांचीही थोरली बहीण. लॉगिन तिला मीच शिकवलेलं!

“आत्या, मला काढलंस?”

“सोळा जनायला काढलं. अकराच ठिवलेत, बौद्धाचार्यायला फोन बी केला. अरे, लग्नघरात कोठीची किल्ली एकीच्याच कमरेला असती. तू तर गावभर वाटून बसलास!”

लग्न बरोबर अकराला लागलं. काका आदल्या दिवशीच येऊन बसले होते. मला मंडपात रडू आलं. थोडं लेकीसाठी, थोडं घड्याळासाठी.

पाहुणे गेल्यावर मी हळूच म्हणालो, “आत्या, आता तरी माझे अधिकार दे. साइट मीच बनवलीय ना!”

“सैपाक बी आचारीच करत असतोय. म्हनून कोठीची किल्ली त्याला देते का कोनी?”

तेव्हापासून मी लेकीच्या लग्नाचे फोटो फक्त पाहू शकतो. क्लासवरची ती पाटी मात्र काढायची ठरवली आहे. आत्याकडे तशी विनंती पाठवली आहे. मंजुरी अजून आलेली नाही.