टाकी फुल करून बघा

मी फौजदारी वकील आहे. नगरच्या कोर्टात चोवीस वर्षं चोर सोडवत आलो, आणि चोरांबरोबर भरडली गेलेली पुष्कळशी निरपराध माणसंही. पुरावा नसताना कोणी कोणाला दोषी धरलं की माझं डोकं फिरतं. त्यापायी न्यायाधीशांनी मला दोनदा समज दिलेली आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात मी स्वतः एका माणसाला काहीही न तपासता चोर ठरवलं. तो माणूस एकोणीस वर्षं माझी गाडी चालवत होता.

सहादेव त्याचं नाव. खर्ड्याजवळच्या एका वस्तीवरचा. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे, त्यामुळे त्याची शाळा दिवाळीपर्यंत चालायची आणि मग थेट उन्हाळ्यात, सुट्टी लागायच्या सुमारास, पुन्हा उघडायची. चौथीनंतर तीही संपली. बाराव्या वर्षी हातात कोयता आला. सतराव्या वर्षी कारखान्याच्या तळावर एका ट्रॅक्टरवाल्याच्या मागे लागून तो स्टेअरिंग शिकला आणि फडातून कायमचा बाहेर पडला. "वाकून वाकून बापाची पाठ मेली, साहेब. बसून कमवायची इद्या द्येवानं मला येकच दिली," असं तो म्हणायचा. त्या विद्येचा त्याला गर्व होता, आणि दुसऱ्या कशाचाही नव्हता.

ट्रॅक्टरनंतर काही वर्षं त्याने जामखेड-नगर जीप मारली, मग माझ्याकडे आला. त्याचं चालवणं इतकं सावकाश की रसवंतीचा बैल तुझ्यापुढे निघून जाईल, असं मी त्याला चिडवायचो. तो आरशातून बघून नुसता मान डोलवायचा. एका पंपावरच्या माणसाने त्याला सांगितलं, बिल वाढवून देतो, वरचं आपण वाटून घेऊ. सहादेवने तो पंपच सोडला आणि दोन किलोमीटर लांबच्या पंपावर जायला लागला. इतक्या लांब का जातोस म्हणून मी त्याच्यावर खेकसलो होतो, तर गप्प राहिला. खरं कारण मला चार महिन्यांनी दुसऱ्याच कोणाकडून कळलं. हे मला माहीत होतं, आणि तरीही पुढे जे झालं ते झालं.

दसऱ्याला मी नवी पेट्रोल गाडी घेतली. जुनी डिझेल गाडी चौदा वर्षांची झाली होती. ती देताना सहादेवने बॉनेटवर हात ठेवला आणि जरा वेळ तसाच उभा राहिला. नवी गाडी त्याने लेकरासारखी जपली. तिच्यावरची बटणंसुद्धा कामापुरतीच दाबायचा, उगाच काही बिघडायला नको म्हणून. दिवाळीत आम्ही सगळे तुळजापूरला जाऊन आलो, तेव्हा लिटरला सतरा पडलं. मी खूश होतो.

डिसेंबरात थंडी पडली आणि ॲव्हरेज कोसळलं. टाकी भरली की मी किलोमीटर लिहून ठेवतो, ही माझी जुनी खोड. पहिल्यांदा बारा आलं. मग दहा. मग नऊ. नव्या कोऱ्या गाडीला नऊ. सावेडीतून कोर्ट साडेचार किलोमीटर, मधे प्रेमदान चौकात आणि दिल्ली गेटला गर्दी, हे सगळं धरूनही नऊ म्हणजे फार झालं असं मला वाटलं. बार रूममध्ये मी हे बोललो. आमच्या वकील मंडळींना कारण शोधायला वेळ लागत नाही. एक जण हसून म्हणाला, "गाडी नाही पीत, ड्रायव्हर पितो."

हे वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. आरशात दिसणाऱ्या सहादेवच्या डोळ्यांकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागलो. त्याच्या पिशवीत प्लास्टिकची बाटली असायची, पाण्याची, तीही मला खटकायला लागली. बायकोला, ज्योतीला, मी हे सांगितलं तर तिने हातातलं काम थांबवलं आणि म्हणाली, "सहादेवभाऊ? तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?" मी म्हटलं, आकडे खोटं बोलत नाहीत.

एका सकाळी, गाडीत बसता बसता, मी त्याला विचारलंच. "सहादेव, पेट्रोल कुठे जातंय रे?"

त्याला प्रश्न कळायला वेळ लागला. कळल्यावर तो वळून माझ्याकडे बघत राहिला. "म्या न्हाई घेतलं, साहेब," तो म्हणाला. मग म्हणाला, "टाकी फुल करून बघा. सर्विशिंगवाल्याला चालवू द्या. गाडीतच काय असंल तर त्याला घावंल."

कर नाही त्याला डर कशाला, असंच त्याला वाटलं असणार. पण म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण, तसं झालं. सर्व्हिसिंगच्या माणसाने दुपारी ऊन असताना गाडी नेली, टाकी काठोकाठ भरली, पुणे रस्त्याने सुप्यापर्यंत जाऊन परत आला आणि पुन्हा टाकी भरली. लिटरला एकोणीस. गाडी आणून द्यायला तो कोर्टाच्या आवारातच आला. तिथे लिंबाखाली सगळ्या साहेब लोकांचे ड्रायव्हर बसलेले असतात, सहादेवही त्यांच्यातच होता. "इंजिन एकदम ओके आहे, सर," त्या माणसाने चावी देत सांगितलं.

मी त्या क्षणी त्याला बाजूला घेऊन बोलू शकलो असतो. घरी जाऊन बोलू शकलो असतो. पण मला उलटतपासणीची सवय, आणि समोर ऐकणारी माणसं असली की मला चेव येतो. मी तिथेच म्हणालो, "सहादेव, तूच म्हणालास तपासा. तपासलं. गाडीत दोष नाही. मग दोष कुठे आहे, तूच सांग."

"म्या न्हाई घेतलं," तो पुन्हा म्हणाला.

"प्रत्येक आरोपी हेच म्हणतो," मी म्हणालो.

ड्रायव्हर मंडळी हसली. पहिला हसला तो कल्याण, एका बिल्डरचा ड्रायव्हर, सहादेवबरोबर रोज डबा खाणारा. सहादेव त्याच्याकडे बघत राहिला, माझ्याकडे नाही. त्याने गाडीतून आपली पिशवी काढली आणि फाटकातून चालत बाहेर गेला. त्याने उरलेला पगार मागितला नाही. मी तो खर्ड्याला पाठवला, तर परत आला.

नवा ड्रायव्हर मिळेपर्यंत गाडी मीच चालवायला लागलो. इतके महिने मी मागच्या सीटवर बसत होतो. पुढे काय दिसतं हे मला ठाऊकच नव्हतं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात स्टेअरिंगवरचं एक बटण चुकून दाबलं गेलं आणि समोरच्या मीटरच्या काचेवर आकडा आला. ॲव्हरेज, अकरा. मला वाटलं माझं काही चुकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं, तर दहा पूर्णांक आठ. चोराला तर मी हाकललं होतं. मग आता कोण चोरत होतं? चौकात सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी माझा पाय क्लचवरून उचलेना.

मी गाडी तशीच भिंगारला नेली, गोरक्षकडे. लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला म्हातारा आहे तो, घरापुढेच गाड्या बघतो. त्याने बॉनेट उघडलंसुद्धा नाही.

"थंडीत थंड इंजिन जास्त पितंच, वकीलसाहेब. त्याला तापायला पाच-सहा किलोमीटर लागत्यात. तुमचं कोर्ट साडेचारवर. म्हंजी तापायच्या आधीच तुमी बंद करता. वर गर्दी. सुप्याला जाऊन आला तर एकोणीस देनारच की ती."

"पण डिसेंबरात नऊ आलं होतं. मला अकरा येतंय. मधले दोन कुठे गेले?" मी विचारलं. अजून कुठेतरी मला मीच बरोबर ठरायला हवा होतो. हे लिहिताना लाज वाटते.

"उभी ठिवून चालू ठिवत हुता का कोन?"

मला रोजची सकाळ आठवली. सहादेव रोज सकाळी साडेआठला यायचा आणि आल्याबरोबर गाडी चालू करायचा. अर्धा तास ती चालू असायची, तोवर तो पुसून घ्यायचा. थंडीतल्या ट्रॅक्टरची त्याची सवय. जुनी डिझेल गाडीही तो तशीच तापवायचा. "इंजिन म्हंजी बैलच. उठल्या उठल्या जू ठिवायचं न्हाई," असं म्हणायचा. वरच्या मजल्यावर मी चहा पीत तो आवाज ऐकायचो आणि मला बरं वाटायचं, की कोणीतरी आपल्या गाडीची इतकी काळजी घेतं.

"आनि टाकीतनं कोनी काढलं असतं तर ह्या काचंवर दिसलं नसतं," गोरक्ष म्हणाला. "ही फकस्त इंजिननं खाल्लेलं मोजती. हिच्यात कमी दिसतंय म्हंजी ते जळलंय. चोरलं न्हाई कुनी."

साक्षीदार गाडीतच होता. तो तपासायचं मला सुचलं नाही आणि सहादेवला तो आहे हेच माहीत नव्हतं.

त्या रविवारी मी खर्ड्याला गेलो. सहादेवच्या घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, तो आणि बायडाबाई ऊसतोडीला गेले, नेवाशाकडे. एका टोळीतली एक जोडी मधेच पळून गेली होती, त्यांच्या जागी. चौपन्न वर्षांचा माणूस. ट्रॅक्टर तरी का नाही घेतला चालवायला, असं मी विचारलं. शेजारी म्हणाला, "गेल्ता की इचारायला. नगरचं काम का सोडलं म्हून मालकानं इचारलं. ह्यानं खरं सांगितलं."

तसाच नेवाशाकडे निघालो; कारखान्याच्या तळावर पोचलो तेव्हा दिवस कलला होता. पाचटाच्या झोपड्यांची, कोप्यांची रांग, चुलींचा धूर. बायडाबाई, त्याची बायको, कोपीपुढे भाकरी थापत होती. तिने मला ओळखलं. उठली नाही. "आता काय ऱ्हायलंय न्यायचं?" एवढंच म्हणाली आणि तव्याकडे वळली.

सहादेव आतून आला. महिन्याभरात तो इतका वाळला होता की मला बघवेना. हाताला चिंध्या गुंडाळल्या होत्या. त्याने माझ्यासाठी पोतं अंथरलं. मी उभाच राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. माझी चूक झाली. तू काही घेतलं नव्हतंस. थंडी, कमी अंतर, आणि सकाळी गाडी उभी ठेवून तापवायचास, त्यात जळत होतं सगळं.

त्याने हातावरची चिंधी पुन्हा घट्ट बांधली. मग विचारलं, "सकाळी अर्धा तास चालू ठिवायचो, ते फुकटच जळत हुतं?"

"नव्या गाडीला तेवढं तापवावं लागत नाही," मी म्हणालो.

"म्हंजी नुकसान माज्याच हातनं झालं."

मी म्हणालो, तसं नाही सहादेव. पण तो ऐकत नव्हता. "मला वाटायचं, गाडीची निगा आपल्यावानी कोन ठिवत न्हाई," तो म्हणाला. "तेवढंच येत हुतं मला."

मी त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला गेलो होतो. आत्तापर्यंत त्याला निदान एवढं तरी ठाऊक होतं की आपण काही केलेलं नाही. ते मी काढून घेतलं. मला रडू आलं, आणि मी ते खोकल्यात लपवलं.

परत चल, मी म्हणालो. त्याने नकारार्थी मान हलवली. मुकादमाला शब्द दिलाय, कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत सोडता येणार नाही. आणि गाडीला हात लावायचं मन होत नाही.

"येक करा, साहेब," मी निघताना तो म्हणाला. "तितं लिंबाखाली समद्यांफुडं बोलला हुता. तितंच सांगा, सहादेवनं घेतलं न्हवतं म्हून. कल्यानला तेवढं कळू द्या."

मी त्याचे हात हातात घेऊन सांगितलं, उद्याच सांगतो.

नेवाशापासून नगरपर्यंत मी ते वाक्य मनात घोळवत आलो. सोमवारी साडेदहाला कोर्टात गाडी लावली. लिंबाखाली सहा-सात जण होते. कल्याण उठून गाडीपाशी आला, माझं दार धरलं.

"साहेब, अजून सोताच चालवता व्हय? डायवर न्हाई बघितला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. वाक्य जिभेवर होतं.

"बघतोय रे," मी म्हणालो. "पण हल्ली विश्वासाची माणसं मिळतात कुठे?"

"ते तर हायच, साहेब," कल्याण म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी गाडी लॉक केली, काळा कोट चढवला आणि आत गेलो.