रोलर कोस्टरचा शुक्रवार

भिवंडीत कापडाचे लूम शुक्रवारी बंद आणि माझ्या शाळेला सुट्टी रविवारी. बाबा नारपोलीच्या कारखान्यात रात्रपाळीला. मी दप्तर घेऊन निघायचे तेव्हा ते केसांत कापसाची भुकटी घेऊन दारात शिरायचे. "डबा घेतलास?" "हो." आमचं दिवसाचं बोलणं एवढंच.

मी सातवीत असताना त्यांनी माझ्या पोटात दुखत असल्याची चिठ्ठी स्वतःच लिहून मला एका शुक्रवारी शाळेतून सोडवलं. पाळी संपवून आले, शर्ट बदलला आणि आम्ही खाडीपलीकडच्या पाळण्यांच्या पार्कला निघालो. बोरिवलीपर्यंत एसटी, मग खाडी ओलांडायला लाँच. "मोठ्या गाडीत दोघं शेजारी बसू," ते आठवडाभर आधीच म्हणाले होते. "मी वरडलो तर हसू नको." तेव्हापासून मी त्यांचं ते ओरडणंच मनात ऐकत होते.

पार्कात खोटे डोंगर होते, खोटा धबधबा होता. मला मेलीला सगळं खरंच वाटलं. रोलर कोस्टर मात्र लांबूनच ऐकू आला. लोखंडी रुळांवरून गाडी खडखडत जायची आणि खालची जमीन थरथरायची. बाबा खूश झाले. "आपला कारखानाच हाय की," म्हणाले आणि पाच मिनिटं टेकतो म्हणून त्याच्याखालच्या बाकावर बसले.

ते तिथेच झोपले. यात नवल नव्हतं. आमच्या भिंतीपलीकडेही लूम होते आणि बाबांना त्या आवाजातच झोप लागायची. शुक्रवारी लूम थांबले की ते नुसती कूस बदलत राहायचे. नारपोलीत बहुतेकांची हीच गत. इथे डोक्यावर लोकांच्या किंकाळ्या चालू होत्या आणि हा माणूस ढाराढूर.

मला राग आला. एकदा मी एकटीच रांगेत जाऊन उभी राहिले. पुढे पोहोचले तेव्हा पट्टे लावणाऱ्या माणसाने विचारलं, "अकेली हो?" "पप्पा आ रहे हैं," म्हटलं आणि रांग सोडून परत आले. हलवून उठवलं असतं तर ते लगेच उठले असते. पण त्यांचं तोंड किंचित उघडं होतं आणि कपाळावरची आठी नाहीशी झाली होती. माझा हातच पुढे होईना. डब्यातली चपाती-भाजी मी त्यांच्याशेजारी बसून एकटीने खाल्ली.

संध्याकाळी शेवटची गाडी थांबली तसे ते दचकून उठले. "काय तुटलं?" लूम थांबला की धागा तुटलेला असतो, ती सवय. मी सांगितलं, काही तुटलं नाही, बंद करतायत. ते रिकाम्या रांगेकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तू बसलीस ना गं?"

"बसले," मी म्हटलं. "दोनदा."

"भ्याली न्हाईस?"

"नाही."

त्यांचा चेहरा असा फुलला की पुढे खरं सांगायची सोयच उरली नाही. लाँचमध्ये त्यांनी वरून काय काय दिसतं ते विचारलं आणि मी दणकून थापा मारल्या. पडघ्याच्या आत्याला, शेजाऱ्यांना, माझ्या लग्नात नवऱ्यालासुद्धा ते सांगत राहिले, की आमची पोर एकटी बसली, भ्याली न्हाय.

बाबा गेले त्याला आता सहा वर्षं झाली. माझी मुलं मला दरवर्षी अशा पार्कांत ओढून नेतात, गाडीत बसायला बोलावतात. मी त्यांच्या चपला सांभाळत खाली थांबते. मला अजून बाबांबरोबरच बसायचंय.