महदियाची बांग

"डोंगराकडे पाठ करून बसू नये, आणि तोंड करूनही बसू नये," असं हफनावी एकदा म्हणाला होता. त्यामुळे माझ्या कॉफीच्या दुकानात तो कायम तिरका बसायचा, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. कॅलेंडर जुनं होतं. त्याला चालायचं.

उन्हाळ्यात तो दुकानासमोर हातगाडीवर फड्या निवडुंगाची बोंडं सोलून विकायचा. उजवा पाय गुडघ्याखाली लष्कराने बसवून दिलेला. "सरकारी माल," तो म्हणायचा. "थंडीत कुरकुरतो, पण पगार मागत नाही."

मूळचा पाय डोंगरावरच्या चौकीत राहिला. रमजानचा महिना होता. जवान रोजा सोडायला बसलेले, आणि वरच्या झाडीत दबा धरून बसलेल्या अतिरेक्यांनी तीच घटका धरली. सात गेले. चार जखमी झाले, त्यांत हा. दरवर्षी त्या तारखेला चौकातल्या दगडावर फुलं वाहतात आणि तालुक्याचे साहेब भाषण करतात, की सातही जण कोरड्या ओठांनी, रोज्यासकट स्वर्गात गेले. हफनावी पहिल्या रांगेत बसून ऐकतो. इस्पितळात एका अधिकाऱ्याने त्याला हेच वाक्य वाचून दाखवलं होतं आणि विचारलं होतं, "बरोबर आहे ना?" त्याने मान हलवली. गुंगीचं औषध चालू होतं. काहीही विचारलं असतं तरी हलवली असती. वाक्य पुढे तसंच राहिलं. दगडाचं आणि वाक्याचं एकच असतं, एकदा उभं केलं की कुणी हलवत नाही.

मन्नूबिया मावशी ही त्या सातांतल्या शादलीची आई. पूर्वेकडच्या समुद्रकाठच्या महदियाची, कोळ्याच्या घरातली. दरवर्षी दोन वडापच्या गाड्या बदलून येते. यंदा भाषण चालू असतानाच ती खुर्चीवरून घसरून खाली आली. आम्ही तिला उचलून माझ्या दुकानात आणलं, पंखा तिच्याकडे वळवला, पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने तोंड फिरवलं.

"मावशी, आज रमजान नाही," मी म्हटलं.

"मला कळतं रे. पण या तारखेला मी सूर्य बुडेपर्यंत पाणी घेत नाही. माझं पोर तहानलेलं गेलं."

आमच्या मशिदीचे शेख तिजानी समजूत घालू लागले. "अगं बाई, तुला साखरेचा आजार. असला उपास धर्माने सांगितलेला नाही."

"नसेल सांगितला. मग त्याने मोजू नये."

दवाखान्यातली नर्स नाडी धरून बसली होती. ती म्हणाली, "वाद नंतर घाला. हिच्या पोटात पाणी गेलं नाही, तर कासरीनच्या इस्पितळात न्यावं लागेल. आणि गाडी नाही."

मावशीने ओठ आणखी घट्ट मिटले.

हफनावी आपल्या जागी तिरकाच बसलेला. कॅलेंडरकडे बघत म्हणाला, "तो ताक प्यायला होता."

मावशीने मान उचलली.

"कोण?" मावशीने विचारलं.

"शादली. थंड ताक. वर दोन खजूर. त्याच्याकडे छोटा रेडिओ होता, त्यावर तो तुमच्या महदियाची बांग लावायचा. आम्ही म्हणायचो, अरे गाढवा, तुमच्याकडे सूर्य आधी बुडतो, इथला अजून डोंगरावर बसलाय. तो म्हणायचा, माझी आई आत्ता खातेय, मी कशाला थांबू?"

"रोज?"

"रोज. आम्ही त्याला शिव्या देत थांबायचो. त्या दिवशीपण ताकाचं भांडं त्याने एकट्यानेच संपवलं. मिशीला ताक होतं. आमची बांग व्हायच्या आधीच गोळ्या सुरू झाल्या."

शेखांनी घसा साफ केला. "मग तो रोजा झाला नाही. माणूस उभा असेल तिथला सूर्य धरायचा. आणि रोज म्हणतोस, म्हणजे त्याचे तिथले सगळेच रोजे फेडायचे बाकी राहिले."

"मी ठेवीन," मावशी म्हणाली. "हिवाळ्यात. दिवस लहान असतात."

"तुझी साखर?"

"हिवाळ्यात तीही कमी असते."

"बाई, त्याबदली गरिबांना जेवू घातलं तरी चालतं."

"मग हे आधी सांगायचं!" ती हफनावीकडे वळली. "आणि तू रे, मेल्या? इतकी वर्षं तोंडात काय धरलं होतंस?"

"भाषणात सातही जण कोरडे होते, मावशी. म्हटलं, त्याला एकट्यालाच ओला कशाला करा. त्याचा मान कमी व्हायचा."

"मिशीला होतं म्हणतोस?"

"हो."

"पुसायचा नाहीच कधी," ती म्हणाली आणि माझ्या हातातला ग्लास घेतला. सगळा प्यायली. मग दुसरा मागितला. नर्सने तिचं मनगट सोडलं.

दारात तालुक्याचे साहेब उभे होते. कधी आले कुणाला कळलं नव्हतं. भाषणाचे कागद हातातच होते, घामाने मऊ झालेले.

"हफनावी," त्यांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "म्हणजे पुढच्या वर्षी मी काय म्हणायचं? सहा?"

हफनावीने काठी घेतली, टेबलाला हात टेकून उठला. साहेब बाजूला सरकले. तो त्यांच्या अंगावरून बाहेर, आपल्या हातगाडीकडे गेला.