अव्वाचं ग्रहण

“पाणी पाजा त्याला आणि उतरवा मैदानात,” हेडमास्तर माझ्या कानाशी येऊन म्हणाले.

इन्स्पेक्टरसाहेब खुर्चीत बसून सारखं घड्याळ काढून बघत होते. आमचा हुतूतूचा कॅप्टन मल्लप्पा कडुलिंबाखाली कोरड्या ओठांनी उभा होता. आदल्या रात्रीपासून त्याने पाण्याचा थेंब घेतला नव्हता. सूर्यग्रहण सुटून बराच वेळ झाला होता. निदान माझं तरी तसं म्हणणं होतं.

सोलापूरच्या एका हायस्कुलात मी सायन्स शिकवत असे. त्याशिवाय ड्रिल माझ्याकडे, खेळ माझ्याकडे, पोरांना तळ्यावर नेऊन पक्षी दाखवणं माझ्याकडे आणि संध्याकाळी गच्चीवर तारे दाखवणंही माझ्याकडेच. शाळेत एकदा हौस दाखवली की ती अंगाला चिकटते. बायको म्हणायची, “लष्कराच्या भाकऱ्या भाजा तुम्ही.” भाजत होतो खऱ्या. पण एक दुर्बीण मात्र मला मनापासून हवी होती. लहान चालली असती. गुरूचे चंद्र फळ्यावर खडूने काढून काढून मी कंटाळलो होतो. अर्ज करकरून तर त्याहून जास्त. दर वेळी उत्तर यायचं, वरून शिफारस हवी.

शिफारस करणारे हेच इन्स्पेक्टरसाहेब त्या आठवड्यात तपासणीला आले होते. त्यांना खेळांचं वेड होतं. हेडमास्तरांनी मला सरळ सांगितलं, “तळ्यापलीकडच्या शाळेशी फायनल आहे. साहेबांच्या हातून शील्ड घ्या, मग मी दुर्बिणीचं बोलतो. आधी नाही.”

फायनल ठरली ग्रहणाच्या दिवशी. दोन्ही शाळांना सुट्टी होती आणि ग्रहण दुपारच्या आत आटपत होतं. मॅच संध्याकाळी. सकाळी पोरांना ग्रहण दाखवायचं, मोक्ष झाला की पोरं घरी जाऊन अंघोळ करतील, जेवतील आणि संध्याकाळी खेळतील. मोक्ष म्हणजे सूर्यावरून चंद्राची कड पुरती निघते तो क्षण. तोवर घरोघर चूल बंद. त्याच्याही आधी वेध लागतात, तेव्हापासून खायचं-प्यायचं नाही.

ग्रहण बघायला घरच्यांची परवानगी मिळवताना माझ्या वहाणा झिजल्या. मल्लप्पाची आई, सगळी गल्ली तिला अव्वा म्हणायची, ती तर दारातच आडवी आली. “गिराण कोन बघतं काय, मास्तर? आंधळं व्हतंय पोरगं.” मी काच दाखवली. काचेचा तुकडा दिव्यावर धरायचा, काजळीचा जाड थर बसू द्यायचा आणि त्यातून बघायचं. आजचे डॉक्टर त्यालाही नको म्हणतात. तेव्हा आमच्याकडे तेवढंच होतं आणि मी एकेकाला डोळ्याची पापणी लवेपर्यंतच बघू देत असे. अखेर अव्वा म्हणाली, “बघू दे मग. पर सुटल्यावर अंगोळ झाल्याबिगर पान्याचा थेंब तोंडात घालायचा न्हाई. तुमच्या शब्दावर धाडते.”

मी शब्द दिला.

आदल्या संध्याकाळी हेडमास्तरांचा निरोप आला. साहेबांना दुपारच्याच गाडीने निघायचं होतं, तेव्हा ग्रहण सुटलं की लगेच मॅच.

मी म्हणालो, “पोरं उपाशी असतील हो.”

“त्यांचीही उपाशीच असतील. बरोबरी झाली की.”

मी शिपायाला सांगून मैदानाकडच्या विहिरीवर बादल्या काढून ठेवायला लावल्या. शेंगदाणे आणि गूळ आणवला. मोक्ष होताच पोरं तिथेच अंघोळ करतील, दोन घास खातील आणि उतरतील, असा हिशेब केला.

सकाळ फार छान गेली. एवढी गोष्ट मला कुणी हिरावून घेऊ शकत नाही. सूर्याची कोर झाली तेव्हा कडुलिंबाच्या सावलीत जमिनीवर शेकडो कोरी पडल्या. पानांमधल्या फटींतून सूर्याचीच चित्रं उमटत होती. पोरं ओंजळीत कोरी धरून नाचत होती. मल्लप्पा म्हणाला, “सर, हे पुस्तकात न्हाई.” तेवढ्यावर मी पुढची दहा वर्षं नोकरी केली असती.

मग सूर्य गोल झाला. पोरं ओरडली, “सुटलं!” आणि विहिरीकडे पळाली. मल्लप्पा जागचा हलला नाही.

“अरे, चल.”

“आमच्या गल्लीतल्या जोशीबुवांच्या पंचांगात अजून सुटलं न्हाई, सर.”

मी कपाळावर हात मारला. त्या काळी पंचांगं दोन तऱ्हांची होती. नव्या गणिताचं आकाशाशी जुळायचं. जुन्या गणिताचं थोडं पुढेमागे व्हायचं. मी नवं बघून वेळ लावली होती आणि अव्वाची गल्ली चालायची जुन्यावर. बाहेर रस्त्यावर “दे दान, सुटे गिराण” अशा आरोळ्या अजून चालूच होत्या.

“तुझ्या डोळ्यांना काय दिसतंय?”

“गोल दिसतंय की. पर अव्वाला कुटं दिसलंय?”

वर्षभर मी त्याला ‘प्रत्यक्ष बघ, मग मान’ हे शिकवलं होतं. तो बघतही होता आणि मानतही होता. आईला सोडून पुढे जायची त्याची तयारी नव्हती, एवढंच. मला राग आला. खरं सांगायचं तर त्याच्यावर कमी, त्या जोशीबुवांवर जास्त आला.

हेडमास्तर म्हणाले ते वर सांगितलंच. पुढे म्हणाले, “शाळेच्या मागच्या बाजूला नेऊन पाजा. कोण बघतंय?”

“मी शब्द दिलाय.”

“मग तसाच खेळवा.”

“खेळतो की, सर,” मल्लप्पा म्हणाला. आवाज घशातून नीट निघत नव्हता. हुतूतू म्हणजे एका दमात तोंडाने ‘हुतूतू हुतूतू’ म्हणत चढाई करायची. डोक्यावर सोलापूरचं ऊन. त्या घशाने मी त्याला पाठवणार नव्हतो. दुर्बीण गेली खड्ड्यात, असं मनाशी म्हणालो.

मी काच उचलली आणि अव्वाचं घर गाठलं. ती दारात जप करत बसली होती.

“गिराण सुटलं न्हाई आन् तुमी उन्हात?”

“सुटलंय, अव्वा. स्वतः बघा.”

“मी? जल्मात बघितलं न्हाई.”

“पोरगं तहानलंय. तुम्ही बघितल्याशिवाय पाणी पीत नाही.”

ती उठली. पदर सावरला, काच दोन्ही हातांनी धरली आणि वर बघितलं. मग कानडीत पुटपुटली, “अय्यो शिवने!” आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “सगळं गोल हाय की, मास्तर!”

तेवढ्यात शेजारीण आली. “मला बघू द्या.” तिच्यामागे तिची सासू. काच एक आणि बायका गल्लीभर. जिच्या हातात जाई ती दुसरीला देईना. मी ओरडलो, “बास, एकदाच!” माझं कोण ऐकतं? काच परत मिळेना म्हणून शेवटी तशीच सोडली. अव्वाने घागर उचलली. “माज्या हातानं घालते त्याला पानी,” म्हणाली आणि माझ्यापुढे चालू लागली.

मैदानावर पोहोचलो तेव्हा मॅच संपली होती. मल्लप्पाच्या जागी बदली खेळाडू उतरवला होता. आम्ही हरलो होतो. शील्ड तळ्यापलीकडे गेलं आणि साहेबांचा टांगा स्टेशनच्या वाटेला लागला. रस्त्यावरच्या आरोळ्याही थांबल्या होत्या. म्हणजे जोशीबुवांचं ग्रहणही एव्हाना सुटलं होतं. मी जागचा हललो नसतो तरी मल्लप्पाला पाणी याच वेळी मिळालं असतं.

अव्वाने पोराच्या डोक्यावर घागर उपडी केली आणि उरलेलं पाणी त्याला पाजलं. मी कडुलिंबाखाली बसून राहिलो.

हेडमास्तर एवढंच म्हणाले, “तेल गेलं, तूप गेलं, मास्तर.” पुढचं त्यांनी म्हटलं नाही. धुपाटणं माझ्याच हाती होतं. दुर्बिणीच्या अर्जाला तेच जुनं उत्तर आलं आणि माझ्या नोकरीत ती कधी आलीच नाही.

पुढच्या वर्षी एका रात्री चंद्रग्रहण होतं. त्या दिवशी दुपारीच शाळेच्या फाटकात पाहतो तर अव्वा आणि मागे सगळी गल्ली. प्रत्येकीच्या हातात कंदिलाच्या फुटक्या काचेचा तुकडा, काजळी धरलेला.

मी म्हणालो, “चंद्राला काच लागत नाही, अव्वा. उघड्या डोळ्यांनी बघायचं.”

अव्वाने हातातल्या काचेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“मग इतकी वर्सं सांगितलं का न्हाई, मास्तर?”

मी दरवर्षी सांगत होतो. वर्गात.