दोरी विसरायला लावणारं गाणं

एडमंटनला आमच्या शेजारी एक कृष्णवर्णीय बाई राहायच्या. ऐंशीच्या पुढच्या. रॉक अँड रोल नुकतं जन्माला येत होतं तेव्हा त्या अमेरिकेत गात असत. हॉलच्या मधोमध दोरी बांधलेली असे, एकीकडे गोरे, दुसरीकडे काळे. "दुसऱ्या कडव्याला लोक दोरी विसरून नाचायचे," असं त्या सांगत. पुढे त्यांचंच गाणं एका गोऱ्या पोराने गायलं आणि तेच रेडिओवर गाजलं. बाई लग्न करून कॅनडात आल्या आणि हॉस्पिटलच्या किचनमध्ये नोकरीला लागल्या. मला याचा अजूनही संताप येतो. त्यांना येत नसे. आपल्या गाण्यावर लोक उठलेले पुन्हा एकदा पाहायचे, एवढीच त्यांची इच्छा होती.

एका दिवाळीत बर्फामुळे फ्लाइट कॅन्सल झाली आणि आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाचे गायक टोरोंटोतच अडकले. मी बाईंचं नाव सुचवलं. "दिवाळीत रॉक अँड रोल?" म्हणून कमिटीने नाकं मुरडली, पण दुसरं होतं कोण?

बाई वॉकर घेऊन स्टेजवर आल्या, खुर्चीत बसल्या आणि असा आवाज लावला की अंगावर काटा आला. आमची मंडळी मात्र शास्त्रीय मैफलीला बसावं तशी बसलेली. माना डोलताहेत, बोटं मांडीवर ताल धरताहेत, पण जागचं कोणी हलेल तर शपथ! गाणं चालू असताना उठणं म्हणजे गायकाचा अपमान, हे आमच्या अंगात मुरलेलं. गाणं संपलं तेव्हा बाईंचा चेहरा उतरला होता.

"यांना आवडलं नाही. मला घरी सोड," त्या मला म्हणाल्या.

मी त्यांना घाईघाईने आमची रीत समजावली आणि माइकवरून म्हटलं, "प्लीज, उठा, नाचा!" सगळे एकमेकांची तोंडं बघत राहिले. बाईंनी पुन्हा गाणं सुरू केलं. तेवढ्यात माझी बायको उठली, पदर खोचला आणि मैत्रिणीचा हात ओढला.

"अगं, माझं नी रिप्लेसमेंट झालंय!"

"मग फुगडी हळू घाल. चल!"

दोघींनी आपल्याला येत होती तशी फुगडी घातली. मग बाकीच्या बायका आल्या, मागून आम्ही पुरुष, लाजतमुरडत. दुसऱ्या कडव्याला बाई वॉकर धरून उभ्या राहिल्या. गाताना त्या हसत होत्या.

मार्चमध्ये त्या गेल्या. चर्चमध्ये त्यांच्या मुलीने त्यांची तरुणपणची रेकॉर्ड लावली. सगळे माना खाली घालून बसले होते. दुसरं कडवं सुरू झालं तशी बायकोने माझा हात धरला आणि आम्ही दोघं उठून उभे राहिलो.