मंडळी वाढायची कशी

देवानं मला आवाज दिला होता आणि त्या आवाजाचा मला भलता गर्व होता, हे आधीच कबूल केलेलं बरं. नगरकडच्या बेलापूरजवळच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत गेली वीस वर्षं सुवार्तेचं, म्हणजे गावोगाव येशूविषयी सांगायचं, काम म्हटलं की मीच. पेशानं शाळामास्तर, त्यामुळे बोलायची सवय होतीच. रविवारची उपासना आटोपली की हातात पत्रिका, खांद्याला भोंगा, आणि मी निघालो आसपासच्या गावांना. सतरंज्या झटकणारे, पेटी वाजवणारे, आजाऱ्याच्या उशाशी जाऊन बसणारे, यांची सेवा माझ्या लेखी दुय्यम. खरं काम मी करतो आणि बाकीचे हातभार लावतात, असंच मला वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी मंडळीच्या वार्षिक सभेत पाळकसाहेबांनी मनातली काळजी बोलून दाखवली. बाकं रिकामी होत चालली होती, तरुण मुलं कामासाठी पुण्याला गेली होती. "मंडळी वाढायची कशी, सांगा," ते म्हणाले. मी उठायच्या आतच मागून सगुणामावशी उभ्या राहिल्या. या विधवा बाई शाळेत मुलांची खिचडी शिजवायच्या आणि त्यांना कमी ऐकू यायचं. पदर सावरत म्हणाल्या, "म्या वाढीन की मंडळीला! पानं किती हायेत, तेवढं सांगा."

सभा खो-खो हसली. तेवढ्यावर थांबलं असतं तर मावशीही हसल्या असत्या. पण मी माझ्या भोंग्याच्या आवाजात म्हणालो, "मावशी, इथं देवाच्या राज्याचं चाललंय, पंगतीचं नाही. तुमचं काम सभा संपल्यावर." हे मात्र त्यांना स्वच्छ ऐकू गेलं. त्या खाली बसल्या. उपासनेला येत राहिल्या, पण सभेला पुन्हा आल्या नाहीत. मला त्याचं काही वाटलंही नव्हतं, हे आज लिहिताना लाज वाटते.

पुढच्या थंडीत माझा घसा बसला तो उठेचना. नगरच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रावरची गाठ काढली. गाठ साधी निघाली, पण सहा आठवडे बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही, आणि पुढं आवाज किती परत येईल ते सांगता येत नाही, असं त्यांनी बजावलं. घरी पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. मनातल्या मनात प्रभूशी कडाकडा भांडत होतो. माझ्याकडे तुला देण्यासारखं एवढंच होतं, नेमकं तेच काढून घेतलंस? मुक्या माणसाचं या मंडळीत काय काम, असं मनानं घेतलं आणि मी उपासनेलाही जाईनासा झालो.

घरी येऊन तीन दिवस झाले असतील. गिळताना जीव जात होता. दारात सगुणामावशी उभ्या, हातात ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या मऊ कण्यांचं पातेलं. मागच्या गोष्टीचा शब्द नाही. त्या रोज यायच्या, वाढायच्या आणि माझं खाऊन होईपर्यंत भिंतीला टेकून बसायच्या. मला बोलायची बंदी, त्यांना ऐकू कमी, त्यामुळे आमचं छान जमलं.

त्याच दिवसांत एका दुपारी बायबलातलं करिंथकरांस लिहिलेलं पत्र वाचत होतो. एक शरीर आणि निरनिराळे अवयव, हा भाग. देवानं ज्याला त्याला दिलेल्या कृपादानांवर बोलताना मी तो किती वेळा भोंग्यावरून सांगितला असेल! त्या दिवशी पहिल्यांदाच लक्षात आलं की त्यात पाय आहे, हात आहे, कान आहे, डोळा आहे, वास घेणंसुद्धा आहे. तोंड कुठेच नाही. मला हसू फुटलं, आणि मग बराच वेळ रडू आलं.

सहा आठवडे संपले तेव्हा घशातून नुसती घोगरी कुजबुज निघाली. मावशी म्हणाल्या, "गुरुजी, बोलनं ऱ्हाऊ द्या. स्कूटर हाय न्हवं? मला दवाखान्यात सोडा." सरकारी दवाखान्यात ज्यांना डबा आणणारं कुणी नसतं, त्यांना त्या कित्येक वर्षं कण्या-भाकरी नेऊन वाढत होत्या. मला पत्ताच नव्हता.

तिथं पाथर्डीकडचा एक ऊसतोड कामगार होता. मोळी घेऊन ट्रॉलीवर चढताना त्याची बायको पडली होती, पाय मोडला होता. मी मुकाट्यानं वाढत होतो. तो म्हणाला, "तुमी कोन लोकं? रोज आनून घालता, मागत तर काईच न्हाई."

मावशींनी माझ्याकडं पाहिलं. "ह्ये तुमचं काम, गुरुजी. मला न्हाई बोलाया जमत."

मी तोंड उघडलं. माझी कुजबुज त्याला समजेना, तेव्हा त्यानं ताटली खाली ठेवली आणि कान माझ्या ओठांजवळ आणला. वीस वर्षांत माझं ऐकायला कुणी इतकं जवळ आलं नव्हतं. येशू कोण, आम्ही का येतो, हे मी चार वाक्यांत सांगितलं. घशात पाचव्याची ताकदच नव्हती. तो बायकोकडं वळून पाहत म्हणाला, "मंग माज्या बायकूसाठी मागा त्याच्यापाशी." मी कुजबुजत प्रार्थना केली, मावशींनी त्या बाईच्या कपाळावर हात ठेवला. पुढं त्या दोघांचं काय झालं मला ठाऊक नाही. पण मावशींच्या कण्यांशिवाय त्यानं विचारलं नसतं, आणि विचारल्यावर सांगणारं कुणी तरी हवंच होतं.

परतताना मी स्कूटर थांबवून मावशींची माफी मागितली. त्यांना ऐकू येईना. "काय म्हन्ला?" मी तीनदा म्हटलं. "आसू द्या," त्या म्हणाल्या, "घसा दुखंल."

यंदा वार्षिक सभेला मी मावशींना घरून घेऊन आलो. पाळकसाहेबांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी उठून म्हणालो, "मी वाढीन." आवाज पहिल्या बाकापलीकडं गेला नाही. लोक एकमेकांना विचारू लागले, गुरुजी काय म्हणाले? तेवढ्यात शेजारी मावशी उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "म्हनत्यात, म्या वाढीन! पानं किती हायेत?"

या वेळी कुणी हसलं नाही. कमी ऐकू येणाऱ्या बाईला माझी कुजबुज कशी ऐकू गेली, हे मी विचारलं नाही. प्रभूचे उपकार मानले आणि सभेनंतर त्यांच्याबरोबर पानं मांडायला गेलो. सदतीस होती.