पाठीवरचे पेले

माझी पाठ मला पहाटे मारायची. कुणीतरी कंबरेत फळी घातली आणि मग तीच फळी मणक्यात ठोकून बसवली, अशी जाग यायची. कूस बदलायची तर आधी दात आवळायचे, मग पलंगाची कड धरायची, मग एक सणसणीत शिवी हासडायची आणि वळायचं. शिवी नवऱ्याला लागायची, कारण शेजारी तोच असायचा. तो झोपेतच म्हणायचा, "अजून एक दे, पण ऊठ."

बरीच वर्षं सगळे म्हणत राहिले, बाळंतपणाची कंबर आहे. शेवटी नागपूरच्या डॉक्टरनं रोगाचं नाव सांगितलं. मणक्यांना आतून सूज येते आणि मग ते हळूहळू एकमेकांना चिकटत जातात. माझी मान तोवर निम्मी चिकटली होती. कुणी बाजूनं हाक मारली तर मला अख्खं शरीर वळवून बघावं लागे. गोळ्यांनी दुखणं दबलं, पण पोटात जखम झाली आणि दवाखान्यात रक्त चढवायची वेळ आली. दुसरी इंजेक्शनं होती, तर तपासणीत छातीत जुना टीबी निघाला, म्हणून तीही लांबली. घरी आले आणि गोळ्यांची पुडी न्हाणीच्या चुलीत फेकून दिली.

आमच्या पांढुर्ण्यात स्टेशनच्या बाजूला एक माणूस आठवड्यातून एकदा नागपूरहून येत असे. चिनी पद्धतीनं, औषधाशिवाय उपचार करायचा. कणा धरून दोन्ही बाजूंनी सुया टोचायचा, सुयांना तारा लावून बारीक करंट सोडायचा. दवण्यासारखा वास येणाऱ्या वाळक्या पाल्याची जाड विडी पेटवून कातडीच्या इतकी जवळ धरायचा की मी खालची चादर मुठीत पिळायचे. आणि शेवटी काचेचे पेले. पेल्यात जाळ फिरवायचा आणि फट्‌कन पाठीवर उपडा घालायचा. आतलं मांस वर ओढलं जायचं. पहिल्या दिवशी मी अशी किंचाळले की बाहेर बसलेल्या नवऱ्यानं दाराला लाथ घातली. कडी निखळली. आत येऊन त्यानं त्या माणसाची कॉलर धरली आणि मग माझी पाठ बघून तो स्वतःच खुर्चीत बसला.

तो माणूस खोटं बोलत नसे. पहिल्याच दिवशी म्हणाला, "रोग जाणार नाही. ताठरपणा कमी होईल, झोप लागेल. नागपूरचा डॉक्टर सोडू नका आणि व्यायाम चुकवू नका." व्यायामही चिनीच, उभ्यानं करायचा, संथ. दोन्ही हात आभाळ उचलल्यासारखे वर न्यायचे. मला एकटीला लाज वाटायची, म्हणून नवराही सकाळी स्लॅबवर माझ्या शेजारी उभा राहून हात वर करायचा. गल्ली हसायची. नवरा तापट, तोंडाचा फाटका, पण त्या हसण्यापायी त्यानं एकदाही हात खाली घेतले नाहीत. दोन-तीन महिन्यांत मी शिवी न देता कूस बदलू लागले.

फक्त पाठीवर डाग राहायचे. गोल, जांभळे, कडेला काळे. आठवडाभर दिसायचे.

पोळ्याच्या आधी मी सौंसरला माहेरी गेले. मायनं न्हाऊ घालायला बसवलं, तेल घेतलं, पोलकं वर केलं आणि तिचा हात थांबला.

"हे काय व?"

"पेले लावले माय. डॉक्टरनं. सुयाबी टोचतेत. आराम पडून राहिला मले."

मी वळून तिचं तोंड बघितलं नाही, कारण मला तसं पटकन वळताच येत नव्हतं. तिनं सबंध पाठीला तेल लावलं, फार हलक्या हातानं, आणि डाग तेवढे सोडून दिले. पोळ्याला मी सासरी परतले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधून जाम नदी वाहते. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा लावतात, आणि दोन्ही काठांवरून लोक एकमेकांना दगड मारतात. झाड तोडून नेईल ती बाजू जिंकते. डोकी फुटतात, हाडं मोडतात, काही वर्षी माणसं मरतात. जखमी माणूस चंडीच्या देवळातली राख जखमेवर दाबतो आणि पुन्हा दगड उचलतो. नवरा दरवर्षी पांढुर्ण्याच्या काठावर असायचा. माझा भाऊ सौंसरहून मावशीकडे सावरगावला यायचा आणि तिकडच्या काठावरून खेळायचा. मेव्हणा-भाटव्याची, म्हणजे बायकोचा भाऊ आणि बहिणीचा नवरा यांची, थट्टा चालायची. आणि एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण मोठ्यानं कुणी म्हणत नाही. वर्षभराचा राग काढायचा तर हा दिवस चांगला, कारण दगड कुणी मारला हे त्या दिवशी कुणी विचारत नाही.

दुपारी भावाचा फोन आला. मागे ढोल वाजत होते.

"बाई, आज तुह्या पाठीचं उट्टं काढून टाकतो. भाटवा घरी पायानं नाही येत आज."

मला कळायला क्षणही लागला नाही. "अरे गाढवा, ते पेल्याचे डाग आहेत! त्यानं हात नाही लावला मले!"

"माय म्हणलीच होती, तू हेच म्हणशील," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

नवऱ्याचा फोन घरातच चार्जिंगला होता. गोटमारीत फोन कोणी नेत नाही. मी चप्पल न घालता निघाले. मला पळता येत नाही, मी ताठ पाठीनं भराभर चालते, लोकांना वाटतं ही ठेक्यात चालली आहे. नदीकडच्या घरांच्या टिनांवर दगड वाजत होते. बायका गच्चीवरून ओरडत होत्या, "मागं हो व, मागं हो!" कुठून दगड येतो ते बघायला मान वळेना. एक खांद्याला घासून गेला. डोकं फुटलेल्या एका म्हाताऱ्याला दोघं ओढत आणत होते आणि तो त्यांनाच शिव्या देत होता, मला सोडा म्हणून.

नवरा पाण्यात गुडघ्याएवढा उभा होता, झाडाकडे तोंड करून. भाऊ पलीकडे, जिथून त्याला नवरा नीट दिसेल असा. मी ओरडले. ढोलांत काय ऐकू जाणार? भावानं झाडाकडे एकदाही पाहिलं नाही. त्यानं हात मागे नेला आणि दगड नवऱ्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. आवाज मला आला. नवरा पाण्यात बसला, चेहऱ्यावर दोन्ही हात ठेवून, आणि बोटांमधून रक्त पाण्यात पडू लागलं.

भावानं दुसरा दगड उचलला.

मी पाण्यात शिरले. मला वाकता येत नाही. गुडघे टेकले, हात पाण्यात घातला, जो लागला तो दगड घेतला, उठले आणि भावावर फेकला. बाई दगड मारत नाही त्या दिवशी. माझा दगड अर्ध्या वाटेतच पाण्यात पडला. त्याला लागला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. पण त्यानं मला पाहिलं. मी दुसरा दगड शोधायला पुन्हा गुडघ्यावर गेले तेव्हा त्याचा वर गेलेला हात तसाच होता, आणि मग तो खाली आला.

दवाखान्यात नवऱ्याला टाके घातले. डॉक्टरनं सांगितलं, नागपूरला न्या, पण या डोळ्याची फार आशा धरू नका. आता त्याला त्या डोळ्यानं उजेड-अंधार तेवढा कळतो.

त्याच संध्याकाळी भाऊ दवाखान्यात आला, मायला घेऊन. मी व्हरांड्यातच त्याच्या तोंडात मारली. मग दुसरी मारली. तो उभा राहून खात राहिला. मी पाठ त्याच्याकडे केली, पोलकं वर ओढलं, चार लोकांत. "मोज! एकसारखे गोल आहेत ना? कोणता नवरा असा मापानं मारतो रे?"

तो रडायला लागला. मग मी मायकडे वळले, सगळं अंग वळवून.

"मी सांगितलं होतं तुले. डॉक्टरनं पेले लावले म्हणून सांगितलं होतं. त्या माणसाचा डोळा गेला माय. एकदा पुन्हा विचारायचं तरी!"

माय बाकावर बसली होती, पदर अंगाभोवती घट्ट ओढून.

"काय पुसू?" ती म्हणाली. "माह्या पाठीवर डाग राहत, तवा तुही आजी पुसे. मीबी असंच सांगे. वैद्यानं डागलं, शेक घेतला. दहा वेळा पुसलं तं दहा वेळा हेच सांगे. तू म्हणली अन् मले माहाच आवाज आला."

मला आधी समजलंच नाही. आमचे बाबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. भिंतीवरच्या त्यांच्या फोटोला भाऊ अजून रोज सकाळी पाया पडतो. त्यानं मायकडे असं पाहिलं, जसं नदीवर माझ्याकडे पाहिलं होतं.

"बाबा?" तो म्हणाला. "मंग तवा सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तं माह्या भावायनं याच नदीवर त्याले मारून टाकलं असतं. तुम्ही बिनबापाचे झाले असते."

"अन् आता याले कायले सांगितलं?" मी ओरडले.

"माह्यासाठी सहन झालं मले," माय म्हणाली. "तुह्यासाठी नाही झालं."

आत नवरा माझ्या नावानं ओरडत होता, मला जायला हवं होतं, आणि मी तिच्यासमोर तशीच उभी राहिले. तिनं मला जन्मभर न्हाऊ घातलं, आणि तिची पाठ मी एकदाही पाहिलेली नव्हती.